झाडीतली तुकडी

आमच्या घरी माझा धाकटा मामा टीव्हीत राहायचा. लग्नानंतर एकदा मी हे सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. तेव्हापासून हा विषय मी कोणाकडे काढला नाही. पण आता अण्णा नाहीत, आई थकली आहे, आणि त्या टीव्हीत कोण राहायचं हे ठाऊक असलेली मी एकटीच उरणार आहे. मला त्याची भीती वाटते, म्हणून लिहिते.

उस्मानपुऱ्यात आमचं दुकान पुढे आणि घर मागे, मधे एक दार. अण्णा म्हणजे माझे वडील. टीव्ही, रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. मी शाळेत असताना, आखातातून परत आलेलं एक गिऱ्हाईक चादरीत गुंडाळून काहीतरी घेऊन आलं. टाइपरायटरसारखी बटणं असलेली एक चपटी पेटी होती. ती टीव्हीला जोडायची, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, त्यात कॅसेट घालायची, की कॅसेटमधला खेळ टीव्हीवर यायचा. कॉम्प्युटर हा शब्द आम्ही ऐकला होता, पण ती गार खोलीत चपला काढून बघायची वस्तू आहे असा आमचा समज होता. "रख लो भाई," तो माणूस अण्णांना म्हणाला, "मेरे घर में तो पडे पडे धूल खारी. तुमको मशीनों का शौक है." अण्णांनी नको नको म्हणत ती पेटी अशी जवळ ओढली की मला हसू आलं.

सोबत चारदोन कॅसेटी होत्या, पण नियमांचं पुस्तक नव्हतं. बाकीच्या कॅसेटी आमच्या टेपरेकॉर्डरनं गिळल्या. एक तेवढी वाचली, ती लढाईची. ती लावली की कोणी करवतीनं पत्रा कापतंय असा आवाज सुरू व्हायचा आणि बराच वेळ चालायचा. आई आतून ओरडायची, "बंद करा ते! कुत्री वरडाया लागली!" आणि खरंच गल्लीतली कुत्री रडायची. आवाज थांबला की पडद्यावर नकाशा यायचा. मधून एक नदी, इकडे तिकडे डोंगर, झाडी, आणि लहान लहान चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे सैन्याची एक तुकडी, तिच्यावर आकडा. आकडा मोठा तर तुकडी धडधाकट, शून्य झाला की चौकोन पुसला जायचा.

एक डाव आपला, एक डाव मशीनचा. आपल्या सगळ्या तुकड्या सरकवून झाल्या की कळ दाबायची आणि हात बांधून बसायचं, मग मशीन त्याच्या तुकड्या सरकवायचं. पण आपला डाव असला की मशीन थांबायचं. तुम्ही जेवून या, शाळेत जाऊन या, ते तिथंच थांबलेलं. त्याचं हे थांबणं मला फार आवडायचं. आमच्या घरात माझ्यासाठी इतका वेळ कोणीच थांबत नव्हतं.

लढाई कुठल्या देशातली हे आम्हाला कधी कळलं नाही. अण्णांनी आपल्या सोयीनं नावं ठेवली. आपली छावणी ती उस्मानपुरा. मधे सुटा उभा असलेला डोंगर तो दौलताबादचा किल्ला. नदी ती आमच्या शहरातली कोरडी खाम, आणि पडद्यावर तिला एवढं पाणी बघून अण्णा दर वेळी हात जोडायचे. पुस्तक नसल्यामुळे आम्ही सगळं चुकून चुकून शिकलो. नकाशाच्या कडेवर उभ्या तुकडीला आणखी एक कळ पुढे ढकललं तर ती नकाशाबाहेर जाते आणि परत येत नाही, हेही असंच शिकलो. आमचे रणगाडे एकदा पैठणच्या रोखानं निघून गेले ते गेलेच. अण्णा कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना विचारायचे, "पैठणहून आलात? रस्त्यात काही दिसलं का?"

आईला या सगळ्याचा तिटकारा होता. एका संध्याकाळी ती चहा घेऊन दुकानात आली आणि कप हातात घेऊन पडद्याकडे बघत उभी राहिली. आमचं सैन्य नदीच्या अलीकडे होतं. फक्त एक तुकडी पार पलीकडे, वरच्या डाव्या कोपऱ्यात झाडीत उभी असायची. खेळ सुरू होतानाच ती तिथं असायची, का ते ठाऊक नव्हतं, आणि पहिल्या काही डावांतच ती मरायची. आम्ही तिला हिशेबात धरत नसू.

"हा एकटाच तिकडं काय करतोय?" आईनं विचारलं.

अण्णांच्या ओठांत स्क्रू होता. ते गमतीत म्हणाले, "वाट चुकलाय. कुठं चाललो ते सांगून नाय गेला."

बोलून झाल्यावर त्यांनी स्क्रू तोंडातून काढला आणि खाली बघत बसले. आईनं कप टेबलावर ठेवला.

आईचं माहेर खुलताबादच्या पलीकडे डोंगरात. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. ती मधली. तिच्यावर एक भाऊ, तो मोठा मामा. तिच्या पाठीवरचा तो धाकटा मामा. मेंढरामागं फिरताना तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो पलटणीत गेला आणि एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. मेला असं कोणी कळवलं नाही, सापडला असंही नाही. अंगावरचा कपडासुद्धा परत आला नाही. मी जन्मण्याआधीची ही गोष्ट. मला मामा फक्त आईच्या गप्प होण्यातून माहीत होता.

आमच्यात माणूस गेला की चांदीचा टाक करतात. दोन बोटं रुंदीचा पत्रा, त्यावर माणसाचं उठावदार रूप. तो देवघरात देवांच्या रांगेत बसवला की माणसाला जागा मिळाली. मोठ्या मामाचं म्हणणं, धाकट्याला जागा नाही म्हणून तो हिंडतोय. दिवस मावळताना मेंढरं वाड्यात घातली की कुत्री एकाच दिशेला तोंड करून भुंकतात, मेंढरं एका अंगाला दाटतात. "त्यो फिरतोय गं वाड्याभवती," मोठा मामा आईला सांगायचा. "त्याला घरात घेऊ दे." पण बहीण हो म्हणाल्याशिवाय टाक करायचा नाही, असा शब्द त्यानंच कधीतरी रडत्या बहिणीला देऊन ठेवला होता. आणि आईचं उत्तर ठरलेलं.

"हिंडतोय म्हंजे जिता हाय."

लहानपणी आजोळी गेलं की मी संध्याकाळी वाड्याकडे तोंड करून बसत नसे. मामा दिसेल याचं भय होतंच. पण त्याहून मोठं भय, तो मला ओळखणार नाही याचं.

तर त्या संध्याकाळी दुकानात आई शेवटी म्हणाली, "त्याला मारू नका."

"आपण कुठं मारतोय?" मी म्हटलं. "मशीन मारतं."

"मग मशीनला मारू देऊ नका."

पुढचे कितीतरी दिवस बाप-लेक त्या एका तुकडीमागे लागलो. झाडीतून हलली नाही तर शत्रूचं तिच्याकडे लक्ष जात नाही, हे आधी कळलं. पण न हलताही तिचा आकडा दर डावाला उतरत जायचा. आठ, सात, सहा. लढाई नाही, गोळी नाही, आणि माणूस झिजत चाललेला. आई रोज विचारायची, "किती झाला?" मी खोटा आकडा सांगायचे, मग ती स्वतः येऊन बघायची. अण्णांनी शोधून काढलं की ट्रकचं चित्र असलेला एक चौकोन आहे, तो ज्या तुकडीशेजारी उभा असेल तिचा आकडा उतरत नाही.

"अरे, हा उपाशी आहे!" अण्णा ओरडले. "डबा पाहिजे त्याला!"

तेव्हापासून आमची लढाई बदलली. शत्रूची छावणी गेली खड्ड्यात. नदी ओलांडून, डोंगराला वळसा घालून, शत्रूच्या मधून तो ट्रक वरच्या कोपऱ्यात न्यायचा, एवढंच काम. त्याला वाट करून द्यायला बाकी सगळं सैन्य कापलं जायचं. मोठा मामा एकदा शहरात आला होता, त्यानं हा प्रकार बघितला आणि हसून म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा हाय ह्यो." मग कोपऱ्यातली तुकडी कोणाची हे आईनं त्याला सांगितलं. त्याचं हसणं मावळलं. त्यानं डोक्यावरचं पागोटं सारखं केलं आणि चहा न घेता एस.टी. गाठली.

भाऊबीजेला आई सकाळी माहेरी जायची. मोठ्या भावाला ओवाळायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायची. धाकट्यासाठी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. मला भाऊ नाही, म्हणून मीही तिच्या शेजारी उभी राहून चंद्रालाच ओवाळायचे. बीजेची कोर ती, नखाएवढी. दिवस मावळल्यावर जरा वेळ दिसते आणि पश्चिमेला टेकते. एका वर्षी मला ताप होता. आई एकटीच गावी गेली. मी आणि अण्णा दुपारभर खेळत बसलो आणि ट्रक नेमका संध्याकाळी कोपऱ्यात पोचला. आई आली, तिनं तबक केलं, गच्चीवर गेली आणि लगेच खाली आली. पावसाळ्यानंतर समोरच्यांनी घरावर मजला चढवला होता. पश्चिम दिसतच नव्हती.

तबकातलं निरांजन जळत होतं. ती मधल्या दारात उभी राहिली, पडद्याकडे बघत.

"जेवला का त्यो?" तिनं विचारलं.

"जेवला," अण्णा म्हणाले. "गाडी पोचली आत्ताच."

आई पुढे आली. तिनं पडद्याच्या काचेला, वरच्या डाव्या कोपऱ्यात, बोटानं कुंकू लावलं. अक्षता टाकल्या, त्या टीव्हीच्या जाळीत गेल्या. मग तबक घेऊन त्या चौकोनाला ओवाळलं. निरांजनाच्या दोन ज्योती दिसत होत्या, एक तबकात, एक काचेत. मला हसायला यायला हवं होतं. मला धडकी भरली, कारण आईचा चेहरा चंद्राला ओवाळताना असायचा तसा नव्हता. समोर माणूस असल्यावर असतो तसा होता.

"आता ह्ये बंद केलं की त्यो जाईल ना?" तिनं विचारलं. मशीन बंद झालं की सगळं पुसलं जातं, हे तिला तोवर कळलं होतं.

"जात नाय," अण्णा म्हणाले. "कॅसेटमध्ये भरून ठेवतो. पुढच्या भाऊबीजेला जसाच्या तसा लावू." आणि त्यांनी माझ्यासमोर कोरी कॅसेट घालून तो डाव भरला.

मग ती रीतच पडली. आई आणि मी सकाळी खुलताबादच्या बसनं जायचो. अण्णा येत नसत. "दुकान सोडून कसा येऊ," म्हणायचे, "सणाला टीव्ही बंद पडला तर लोक मारतील मला." संध्याकाळी आम्ही परत येईपर्यंत शटर अर्धं खाली, टीव्ही चालू, कोपऱ्यात तुकडी आणि शेजारी ट्रक. आई ओवाळायची. अण्णा डोळे चोळत हसायचे. नवे कॉम्प्युटर आले, नवे टीव्ही आले, लोक टेपरेकॉर्डर भंगारात देऊ लागले. अण्णा त्यांचेच सुटे भाग जमवून ती पेटी आणि तो जुना टीव्ही जगवत राहिले. लग्न होऊन मी पुण्याला गेले, पण दिवाळीला यायचे, आणि भाऊबीजेची संध्याकाळ तीच असायची. एका वर्षी आम्ही आलो तेव्हा लाइट गेलेली होती आणि अण्णा अंधाऱ्या दुकानात डोकं धरून बसले होते. इतके हताश, की मी म्हटलं, लाइटच गेली आहे ना, येईल. त्या वर्षी आईनं बंद टीव्हीलाच ओवाळलं. पुढच्या दिवाळीच्या आत आमच्या गल्लीतला पहिला इन्व्हर्टर अण्णांच्या दुकानात आला. एवढ्याशा दुकानाला इन्व्हर्टर कशाला, म्हणून मी त्यांची चेष्टा केली होती.

दर वर्षी मोठा मामा टाकाचं विचारायचा. दर वर्षी आई मान हलवायची. तिनं त्याला डोळ्यांनी पाहिलेला होता, त्याचा आकडा पुरता होता. मग टाक कशाचा?

मग अण्णा गेले. साधं आजारपण, चार दिवस दवाखाना. त्या वर्षी घरात सण नव्हता, त्यामुळे प्रश्न आला नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मोठा मामा नातवाच्या मोटारसायकलवर बसून आला. ऐंशीच्या पुढे गेलेला, कानानं कमी. दुकानातल्या खुर्चीत बसला आणि आईचा हात हातात घेऊन म्हणाला, "बाय, मी आज हाय, उद्या नाय. माझ्या पोरांनी त्याला पाह्यलाच नाय. मी गेल्यावर त्येचा टाक कोण करंल? त्यो कायमचा भायेर ऱ्हाईल गं."

आई म्हणाली, "भाऊबीज होऊ दे, दादा. त्याला एकदा बघती, मग सांगती."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. ते मशीन लावायचं काम आयुष्यभर अण्णांनी केलं होतं. मी नुसती आयत्या पिठावर रेघोट्या ओढलेली.

आईला आता प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्या भाऊबीजेला आम्ही गावाला गेलो नाही; सकाळीच मी दुकान उघडलं. शटर अर्धंच वर केलं, अण्णा ठेवायचे तसं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन कॅसेटी होत्या. एकीत खेळ, दुसरीवर अण्णांच्या अक्षरात 'भाऊबीज'. स्पिरिटच्या कापसानं टेपरेकॉर्डर पुसला. खेळाची कॅसेट लावली. करवत सुरू झाली. तो आवाज इतक्या वर्षांनी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. नकाशा आला. मग मी भरलेला डाव काढायची कळ दाबली, दुसरी कॅसेट घातली आणि चालू केली.

करवत आली नाही. जरा खरखर झाली आणि अण्णा म्हणाले, "हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. चालतंय का? चालतंय."

मी उठून उभी राहिले. पुन्हा खरखर. पुन्हा अण्णा, "हॅलो. एक, दोन, तीन. चालतंय." एकामागून एक. दुरुस्त केलेला प्रत्येक टेपरेकॉर्डर तपासायला त्यांनी हीच कॅसेट वापरली होती, जिथं थांबली तिथून पुढे. कॅसेट पुढे सरकत होती आणि आवाज जाडा होत होता, मग बारीक होत होता, मग मधे खोकला येऊ लागला होता. पडद्यावर मशीन डावाची वाट बघत बसलं होतं. या कॅसेटमध्ये डाव नव्हता, आणि त्यांचा आवाज कुठवर पसरला होता ते पाहता कित्येक वर्षं नव्हता. मी शेवटचा "चालतंय" होईपर्यंत ऐकलं. बंद करायला हात धजेना.

मागे वळले तर आई मधल्या दारात उभी.

"आई, यात काहीच भरलेलं नाही," मी म्हटलं. "मामा नाही यात."

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू कालेजात व्हतीस, तवापासून." ती येऊन अण्णांच्या स्टुलावर बसली. "एका साली गाडी त्येच्या उजव्या अंगाला व्हती. पुढच्या साली खालच्या अंगाला. भरून ठिवलेलं असंल तर गाडी हालंल कशी?"

मला ते कधी दिसलं नव्हतं. दर वर्षी मी बघत होते, आणि दिसलं नव्हतं.

"भरलेलं काय परत लागलं नसंल. तुझे अण्णा दरसाल आपून गावाला गेलो की नव्यानं मांडायचे," आई म्हणाली. "सकाळपासनं बसायचे. मी ताट झाकून जायची, ते तसंच असायचं संध्याकाळी. डोळे लाल व्हायचे. आन् मला म्हणायचे, कॅसेटमदी व्हता, लावला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझा भाऊ नाय ह्ये मला लई आधीच कळलं व्हतं गं. दादाला नाय म्हणायची, ती सवयीनं. पण ह्ये त्याला दरसाल जिता करून माझ्याम्होरं ठिवत व्हते. नका करू, असं कसं म्हणू त्यास्नी?"

मी तिच्या पायाशी बसून रडले. अण्णांसाठी इतकं त्यांच्या दहाव्यालाही रडले नव्हते. आईनं मला रडू दिलं, मग म्हणाली, "आता मांडती का तू? मला जमत नाय."

मी मांडायला बसले. तेव्हा मला समजलं की अण्णा दर भाऊबीजेला काय करत होते. पहिल्या खेपेला ट्रक नदीवरच गेला. दुसऱ्या खेपेला पोचेपर्यंत तुकडीचा आकडा संपला आणि झाडी रिकामी झाली. आई तेवढ्यात आत गेली होती, नशीब. तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यापासून. एक चूक झाली की सगळं पुन्हा, आणि लाइट गेली तर तेही गेलं. त्या अंधाऱ्या दुकानात डोकं धरून बसलेले अण्णा आठवले, आणि इन्व्हर्टरवरून केलेली चेष्टा. आईनं माझं ताट आणून ठेवलं. मी म्हटलं, हे एवढं झालं की जेवते. ती माझ्याकडे बघून हसली आणि ताट झाकून गेली.

ऊन उतरलं तेव्हा ट्रक दौलताबादला वळसा घालून झाडीपाशी पोचला. उस्मानपुऱ्यात एकही तुकडी उरली नव्हती. मामाचा आकडा दोन होता. अण्णांनी तो इतका खाली कधी येऊ दिला नव्हता.

आई तबक घेऊन आली. "बारीक झालाय," एवढंच म्हणाली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग तबक खाली ठेवून तिनं पदरानं काचेवरचं कुंकू हळूच पुसलं. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं.

"दादाला फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, टाक कर. हातात बंदूक नको म्हणावं. काठी दे. मेंढरामागं जायचा त्यो."

मी फोन लावला. मोठ्या मामाला नीट ऐकू येईना, त्याच्या नातवानं त्याला ओरडून सांगितलं. मग मोठा मामा रडत म्हणाला, "बरं बाय, बरं."

आई पडद्याकडे वळली. "ती कळ कुठली? पैठणला रणगाडे गेले ती?"

मी दाखवली. तुकडी पहिल्यापासून नकाशाच्या कडेवर उभी होती. इतकी वर्षं ती एका कळीच्या अंतरावर होती, आणि लहानपणी त्या बटणाजवळ माझं बोट गेलं की आई किंचाळायची.

"जाऊ दे त्याला घरी," आई म्हणाली.

"तू दाबतेस?"

"तू दाब. माझा हात नाय व्हनार."

मी दाबली. चौकोन एकदा चमकला आणि झाडीत नुसती झाडी राहिली. आवाज झाला नाही, काही नाही. आईनं सुस्कारा सोडला, खूप आतून आलेला. मी थोडा वेळ थांबले आणि मग टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

आईनं माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "गाडी हाय अजून."

झाडीशेजारी ट्रक उभा होता, एकटाच. आता डबा द्यायला तिथं कोणी नव्हतं. आईनं अण्णांचं स्टूल पडद्याजवळ ओढलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"ह्ये सकाळपासनं उपाशी हायेत," ती म्हणाली. "बसू दे त्यास्नी जरा."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. डाव आमचा होता, आणि मशीन थांबून राहिलं.